सगळ्यांना चालणारा दिवस

भांडण वासावरून लागलं. गावात माणसं बांधावरून भांडतात. तीच माणसं इमारतीत राहायला आली की बांध उरत नाही, भिंत दोघांची एकच असते. मग भांडायला वास उरतो.

रोह्याजवळच्या वरश्यातली ती इमारत तीन मजली. तिसऱ्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोन फ्लॅट दामोदर टिपणीसांनी फार्मसी कॉलेजला भाड्याने दिले होते आणि कॉलेजने तिथे परदेशी मुलं ठेवली होती. एका फ्लॅटमध्ये मुली, दुसऱ्यात मुलगे. दामोदर स्वतः पहिल्या मजल्यावर. ते वीज मंडळाच्या बिल खात्यातून निवृत्त झालेले. अशा माणसाला लोक घाबरत नाहीत, पण विसरतही नाहीत. ज्याचं बिल वाढतं तो अजून त्यांनाच जाब विचारतो.

मधल्या मजल्यावर, मुलींच्या बरोबर खाली, हौसाबाई म्हात्रे. पेणच्या खाडीकडच्या, मिठागरावर काम केलेल्या. मुलगा प्रविण केमिकल कंपनीत लागला म्हणून इकडे आलेल्या. एका सकाळी त्या दामोदरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"टिपणीसभाऊ, वर काय मेलाय?"

"कुठे वर?"

"माझ्या डोक्यावर. दोन दिस झाले, आंबूस वास येतो. उंदीर म्हनावा तर उंदीर येवढा आंबट नाय."

हौसाबाई स्वतः उन्हाळाभर गच्चीत जवळा आणि बोंबील वाळवायच्या, तेव्हा सगळी सोसायटी नाकाने न घेता तोंडाने श्वास घ्यायची. पण ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं. घरचा वास वेगळा, शेजारचा वेगळा.

दामोदर वर गेले. तो वास हिरुतच्या बादलीचा होता. हिरुत इथिओपियाची. तिकडे पीठ दिवस-दिवस आंबवून त्याची मोठी मऊ भाकरी करतात. तिकडचं धान्य रोह्यात कुठे मिळायला, म्हणून पोरीने नाचणीचं पीठ आंबत घातलं होतं. दामोदरांनी हौसाबाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन उदबत्ती लावली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात भूतानच्या पेमाने दार-खिडक्या उघड्या टाकून सुक्या मिरच्या भाजल्या. खालपासून वरपर्यंत सगळी इमारत खोकली. प्रविण रात्रपाळी करून झोपला होता. घशात झणझणलं तसा तो कंपनीत गॅस सुटला समजून बनियन-लुंगीवर खाली धावला. गॅस सुटला की वारा कुठला ते बघून आडवं पळायचं, हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये त्याला घोटून शिकवलेलं. त्याने समोरच्या देवळावरची पताका बघितली, आडवा पळाला, आणि त्या पळण्यात पार बाजारापर्यंत गेला. परत रिक्षाने आला तेव्हा रिक्षाचे पैसे हौसाबाईंनी दिले. हा अपमान त्यांच्या मनात मिरचीपेक्षा जास्त वेळ झोंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली. चेअरमन महिपती भोईर यांची सही. पुढच्या सभेत विद्यार्थ्यांना जागा खाली करायला सांगण्याचा ठराव येणार होता.

दामोदरांनी ती नोटीस चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली. मुलांची परीक्षा तोंडावर होती आणि रोह्यात त्यांना दुसरं कुणी घर देत नव्हतं, हे कॉलेजने आधीच करून बघितलं होतं. शिवाय हिरुतच्या बापाला दामोदरांनी फोनवर शब्द दिला होता. मुलगी माझी समजा, असं ते इंग्रजीत म्हणाले होते. त्या बापाला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण तेवढं त्याला कळलं होतं.

"आपण सगळ्यांना एकत्र जेवायला बसवू," ते बायकोला, सुनीतीबाईंना, म्हणाले. "मुलं आपापल्या देशाचे पदार्थ करतील. पोपटी लावू. पंक्तीला शेजारी बसलेल्या माणसाला कुणी हाकलत नाही."

"लग्नात मानपानावरून भांडतात ते पंक्तीला शेजारीच बसलेले असतात," सुनीतीबाई म्हणाल्या.

"ती गोष्ट वेगळी."

"तुम्हाला पोपटी खायची आहे ते सांगा सरळ."

यात खोटं काही नव्हतं. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की दामोदरांचं लक्ष कशात लागत नसे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. कायस्थाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने आयुष्यात एकही उपास केला नव्हता. आजारपणातसुद्धा ते पेज पिऊन वर कोळंबीचे सोडे मागायचे.

तर आता दिवस ठरवायचा होता. दामोदरांना वाटलं, हे सगळ्यांत सोपं. ते भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसले आणि एकेकाला विचारत गेले.

सोमवार हौसाबाईंचा शंकराचा. मंगळवार महिपतींचा, गणपतीचा नवस. गुरुवार तळमजल्यावरच्या सगळ्यांचा, कुणाचा दत्ताचा, कुणाचा साईबाबांचा. शनिवार मारुतीचा. बुधवार आणि शुक्रवार मोकळे दिसले म्हणून दामोदर खुशीत तिसऱ्या मजल्यावर गेले, तर हिरुत म्हणाली, "सॉरी अंकल. बुधवार आणि शुक्रवार आमच्या चर्चचा उपास."

"दर आठवड्याला?"

"हो. जन्मभर."

सुदानचा इद्रिस सोमवार-गुरुवार रोजा ठेवायचा. त्याला सक्ती नव्हती, पण सवय लावून घेतो असं आईला सांगून तो आला होता. राहता राहिला रविवार. त्यातला एक संकष्टीने खाल्ला, एक प्रविणच्या शिफ्टने. दामोदरांनी पेन्सिलीने फुल्या मारून मारून कॅलेंडरचं पान असं केलं की सुनीतीबाईंनी नवं आणायला सांगितलं. शेवटी जानेवारीतला एक रविवार त्यांच्या हाती लागला. अधिक महिना आल्यामुळे मार्गशीर्ष यंदा जानेवारीत लांबला होता आणि त्या रविवारी तो चालूच असणार होता. याचा अर्थ त्यांच्या ध्यानात नंतर आला.

आता जागा. मागे मोकळं मैदान होतं, पण ते सरकारी. परवानगी कुठल्या कार्यालयात मिळते ते सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. तिथे सुशील नावाचा कारकून होता.

"कार्यक्रम कसला?"

"जेवणाचा."

"जेवण कार्यक्रमानंतर असतं काका. कार्यक्रम कसला ते सांगा."

"परदेशी विद्यार्थी आणि आम्ही रहिवासी, एकत्र जेवणार. एवढंच."

सुशीलने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. लग्न, साखरपुडा, हळद, बारसं, वाढदिवस, पूजा, दहावं. "ह्यातलं एक घ्या."

"यातलं काहीच नाही."

"मग जागा नाय. आनि परदेशी म्हनू नका, पोलीस ठाण्याचा दाखला लागंल. वाढदिवस टाकू?"

"कुणाचा?"

"तुमचाच. पंच्याहत्तरी टाकतो. पंच्याहत्तरी असली की साहेब लगेच सही करतात. थांबवून ठेवायला नको म्हनून."

"मला अडुसष्टावं चालू आहे."

"दिसत नाय," सुशील म्हणाला आणि टाकून मोकळा झाला. ते कौतुक होतं की काय, यावर दामोदर घरी येईपर्यंत विचार करत होते.

परवानगीचा कागद जिन्यात लावावा लागतो. तो महिपतींनी वाचला. महिपती निवडणुकीला उभे राहायच्या विचारात होते आणि अशा माणसाला फ्लेक्स लावायला निमित्त पुरतं. दुसऱ्या दिवशी फाटकावर 'श्री. दामोदर टिपणीस यांना अमृतमहोत्सवानिमित्त शुभेच्छा' लागलं. महिपतींचा फोटो हात जोडलेला, पुरुषभर. दामोदरांचा कोपऱ्यात, वीज मंडळाच्या ओळखपत्रावरून घेतलेला. रस्त्यातून जाणारे लोक थांबून अभिनंदन करू लागले. एकाने तर त्यांना रस्ता ओलांडून दिला.

आणि मग मार्गशीर्षातला गुरुवार आला. हौसाबाईंनी घट मांडला, महालक्ष्मीची कहाणी वाचली, आणि खिरीचा प्रसाद इमारतीतल्या प्रत्येक दारी दिला. रीत ती रीत. ज्याच्याशी भांडण आहे त्याचंही दार चुकवायचं नाही. वरच्या मजल्यावर पेमाने वाटी घेतली, कपाळाला लावली. हिरुतने हात जोडले आणि घेतली नाही.

हौसाबाई जिना उतरल्या त्या थेट दामोदरांकडे.

"भाऊ, देवीचा परसाद परत पाठवला तिनं. आता ठराव नको न काय नको. सामान मीच खाली आनते."

दामोदरांनी पायात चपला सरकवल्या. ते हौसाबाईंना घेऊन वर गेले. हिरुत दारातच उभी होती, डोळे भरलेले. ती इंग्रजीत भराभर बोलली आणि दामोदर तिचं मराठी करत गेले.

"ती म्हणते, तिचा उपास चालू आहे. नाताळ येईपर्यंत. त्यांचा नाताळ आपल्याकडच्या नाताळाच्या मागून येतो. खिरीत दूध आहे, म्हणून घेता आली नाही."

"उपासाला दूध चालतं की."

"तिला नाही चालत. दूध नाही, तूप नाही, दही नाही, अंडं नाही, मटण-मासे नाहीत."

"रोज?"

"रोज. महिन्याच्या वर झालं. आणि दुपार कलेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

हौसाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. या इमारतीत उपासात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सोमवार, एकादशी, शिवरात्र, दोन्ही नवरात्रं, श्रावण, मार्गशीर्ष. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि असायलाच हवा. त्यांनी हिरुतकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे चायपन कोरा?"

"कोरा."

"न गो बाय, तुला हे कुनी लावलं? सासू तर नाय तुला."

दामोदरांनी विचारलं. हिरुत म्हणाली, कुणी नाही. आई करते, आजी करायची. मीही करते. इथे कुणी बरोबरीने करणारं नाही, तेवढं जड जातं.

हौसाबाईंनी पदर खोचला. आत जाऊन बादलीवरचं झाकण उचललं, वास घेतला. "आंबोळीचंच पीठ हाय. फडकं वलं करून बांधायला होवं, मग वास नाय सुटत," असं सांगून खाली गेल्या. घटकेने वाटीभर फुटाणे आणि गूळ घेऊन आल्या. "ह्यात दूध नाय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून हौसाबाईंच्या घरी कोरा चहा सुरू झाला. प्रविणलाही तोच मिळू लागला. त्याला कारण कळलं नाही.

रविवार जवळ आला तशी जेवणाची यादी बारीक होत गेली. मार्गशीर्ष असल्यामुळे निम्म्या इमारतीला मांसमच्छी वर्ज्य. म्हणून कोंबडी गेली. इद्रिसचं मटण गेलं. अंडी गेली. पेमाच्या मिरच्यांच्या भाजीत चीज असतं, ते हिरुतला चालत नाही म्हणून पेमाने आपणहून काढलं. मागे नुसत्या मिरच्या राहिल्या. दामोदर रोज उठून ऐकत होते की आज काय गेलं. शेवटी पोपटीत शेंगा, बटाटे आणि कोनफळं राहिली.

"आता हे जेवण म्हणजे काय झालं?" ते म्हणाले.

"सगळ्यांना चालेल असं झालं," सुनीतीबाई म्हणाल्या.

शेंगा आणि मडकं आणायला दामोदर इद्रिसला घेऊन एस.टी.ने पेणला गेले. हौसाबाईंचा भाऊ कमळाकर धरमतरकडून स्टँडवर येणार होता. आला. शेंगांचं पोतं चांगलं होतं. मडकं मात्र बघून दामोदर खाली बसले. कमळाकरची मुलगी किमया जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मडकं परदेशी पाहुण्यांसाठी आहे म्हटल्यावर तिने ते मोरपंखी रंगवलं होतं. वर सोनेरी कडा, खाली वेलबुट्टी, शेवटी चकचकीत वॉर्निश.

"विस्तवात घालायचं आहे हो हे," दामोदर म्हणाले.

"व्हय. पन पावन्यांसमोर काळं मडकं बरं दिसतं काय?" कमळाकर म्हणाला. "पोरीनं जीव लावून केलंय."

जीव लावून केलेली वस्तू परत देता येत नाही. पेणपासून रोह्यापर्यंत ते मडकं दामोदरांच्या मांडीवर होतं. शेजारच्या बाईंनी हळद कुणाची म्हणून विचारलं. फ्लेक्स पाहिलेल्या एका गृहस्थांनी, या वयात कशाला दगदग, असं म्हणून मडक्यासाठी आपली खिडकीची जागा दिली.

रविवारी संध्याकाळी पेंढा रचला, आणि विस्तवात घालायला मडकं नव्हतं. रंगीत मडकं पेटवलं असतं तर प्रविण पुन्हा बाजारात गेला असता. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेव्हा हौसाबाई वर गेल्या आणि माळ्यावरचं आपलं मडकं घेऊन आल्या, कैक हिवाळे जाळ खाऊन कोळशासारखं झालेलं. ते त्या कुणाला देत नाहीत. सख्ख्या भावालाही दिलं नव्हतं, हे जेवायला आलेला कमळाकर तिथेच बोलला.

"तू गप. पाला दाबून भर," हौसाबाई म्हणाल्या. "न हिरुत, तू इकडं बस गो, माझ्याजवल."

बसायला फ्लेक्स अंथरला होता. तेवढं मोठं दुसरं काही नव्हतं. महिपतींच्या जोडलेल्या हातांवर मुलं बसली. दामोदरांच्या फोटोवर कुणी बसेना, म्हणून तिथे पाण्याचं पिंप ठेवलं. हिरुतची नाचणीची भाकरी, तिच्यावर लाल पिठलं. इद्रिसची तेल घातलेली उसळ. पेमाच्या मिरच्या, ज्या प्रविणने एक खाऊन बाकीच्या लांबून बघितल्या. मडकं उघडलं, शेंगांचा वास सुटला आणि त्या वासावर मात्र कुणाची तक्रार आली नाही.

फक्त महिपती नाराज होते. देशोदेशीचं जेवण म्हणजे निदान तीन तऱ्हेचं मटण असणार, या हिशोबाने त्यांनी सकाळपासून पोट मोकळं ठेवलं होतं. कोनफळ सोलता सोलता त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि हात धुऊन होताच त्यांनी खिशातून कागद काढला.

"सगळे जमलेच आहेत, तर सभा इथंच उरकू. ठराव. तिसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यांनी..."

"चेअरमन," हौसाबाई म्हणाल्या, "पोरगी उपाशी हाय."

"आत्ताच जेवली की ती. माझ्यासमोर."

"जेवली म्हंजे उपास सुटला नाय. मीपन जेवले. उपासवाल्याला घरातून उठवू नये. तुमच्यात चालत असंल, आमच्यात नाय चालत."

उपासवाल्याला घरातून उठवण्याचा आरोप महिपतींना निवडणुकीच्या तोंडावर परवडणारा नव्हता. "ठीक आहे. उपास सुटला की मग."

"तिचा सुटंल, मग माझं उद्यापन हाय."

"मग फेब्रुवारीत घेऊ."

"सोमवार सोडून. बुधवार-शुक्रवार तिचे. मग शिवरात्र."

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये रमजान आहे," इद्रिस हळूच म्हणाला. हिरुतने दामोदरांच्या कानात काही सांगितलं. दामोदर उठून उभे राहिले. "तिचा मोठा उपास तेव्हाच लागतो. पंचावन्न दिवस." पेमा म्हणाली, आमच्याकडे आमच्या पंचांगाच्या चौथ्या महिन्यात दुकानात मटण विकतसुद्धा नाहीत. मग आषाढी, मग श्रावण. ऑगस्टमध्ये पुन्हा हिरुतचे पंधरा दिवस.

"अहो, आणि तुमचा नवसाचा मंगळवार," महिपतींच्या बायकोने मागून आठवण करून दिली.

महिपतींनी कागदाची घडी घातली. "ठराव असा लिहा," ते म्हणाले, "की ज्या दिवशी या इमारतीत कुणाचाही उपास नसेल, त्या दिवशी विषय घेण्यात यावा. तो दिवस टिपणीससाहेबांनी शोधावा."

दामोदरांनी मान डोलावली. हे काम आपल्याइतकं कुणालाच येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

हिरुतचा नाताळ आधी आला. उपास सुटला, पण तिने कोंबडीला हात लावला नाही. खालच्या आजींचं उद्यापन होऊ दे, म्हणाली. मग हौसाबाईंचं तेही झालं, आणि पुढच्या रविवारी खरी पोपटी लागली, त्याच काळ्या मडक्यात. या वेळी कोंबडी होती, अंडी होती. कोंबडी इद्रिसने स्वतः त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणली होती. दामोदर सकाळपासून तीनदा मैदानात जाऊन आले होते.

मडकं उघडलं. सुनीतीबाईंनी पहिली तंगडी दामोदरांच्या पानात घातली. हौसाबाई खात होत्या, हिरुत खात होती, इद्रिस, पेमा, तळमजल्यावरचे, सगळे खात होते. महिपतींच्या हातात दुसरी तंगडी होती. ती अर्धी खाऊन ते थांबले आणि एकेकाच्या पानाकडे बघू लागले.

"टिपणीससाहेब," ते म्हणाले, "आज उपास कुणाचाच नाय वाटतं."

हिरुतने घास खाली ठेवला. हौसाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडात कोंबडी होती.

दामोदरांनी आपल्या पानाकडे पाहिलं. ओव्याचा वास येत होता. कातडी जाळाने कडेला जरा काळवंडली होती, अगदी त्यांना आवडते तेवढीच. त्यांनी हात अजून लावला नव्हता.

"आज माझा आहे," ते म्हणाले.

"तुमचा? कसला?"

दामोदरांना उपासांची सगळी नावं पाठ होती, पण ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना. सुनीतीबाईंनी हात पुढे केला, तंगडी उचलली आणि हिरुतच्या पानात घातली.

"पंच्याहत्तरी झाल्यापासून रविवार धरलाय त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर फ्लेक्स लावलात."

महिपतींनी मांडीखाली पाहिलं. बसायला याही वेळी तोच फ्लेक्स होता. ते पुन्हा खाऊ लागले.

हौसाबाई उठल्या, आणि थोड्या वेळाने दामोदरांच्या पुढे कप आणून ठेवला. चहा कोरा होता.